बारदान्याला खर्चावर भाव

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर कापसाच्या भावाचा विषय आहे. त्यावर पुढचे वक्ते बोलतील. आम्ही आज पोत्यावर बोलणार आहोत. विषय ऐकून काही जण हसले, ते आम्ही पाहिले. पण २०१७ साली तुरीची खरेदी कशाने अडली होती, ते आठवा. अकोल्यात, अमरावतीत, विदर्भ-मराठवाड्याच्या केंद्राकेंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा उभ्या होत्या. तूर होती, काटा होता, ग्रेडर होता. बारदाना नव्हता. मग २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनच्या वेळी तेच झाले. हमीभाव ४८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास, आणि केंद्रावर पाटी : बारदान्याअभावी खरेदी बंद. मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढवली, पुन्हा ६ फेब्रुवारीपर्यंत वाढवली. ज्याच्या घरी लग्न होते, ज्याला बँकेचा तगादा होता, त्याने तोवर व्यापाऱ्याच्या काट्यावर माल टाकला होता. क्विंटलमागे सातआठशे रुपये एका रिकाम्या पोत्यापायी गेले.

आता एक कास्तकार सहज विचारतो : "माल हाय, घेणारा हाय, मंग पोतंच काऊन नाही?" या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्यात आहे. तिथपर्यंत जाऊन यावे लागेल.

आपल्या आजोबांना पोते लागतच नव्हते. वऱ्हाडातली ज्वारी पेवात राहायची. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचे, कुटाराचे अस्तर, वरून माती लिंपलेली. घरातली ज्वारी शेणाने सारवलेल्या कणगीत. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास यायचा, पण दोन दुष्काळ निघायचे. पोते आले ते रेल्वे आणि बाजारासाठी. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वेशाखा सुरू केली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जावा म्हणून. जहाजात जागा कमी लागावी म्हणून रुई दाबून गठाण बांधायची, आणि गठाणीवर गोणपाट. ते गोणपाट बंगालचे. पहिली ज्यूट गिरणी १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे निघाली. म्हणजे आपला कापूस बंगालच्या गोणपाटात गुंडाळून लँकेशायरला जात होता. (ज्यूट म्हणजे आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो बोरू नव्हे. पेपरवाले दोन्हीला ताग म्हणतात, म्हणून सांगितले.)

फाळणी झाली तेव्हा ज्यूट पिकवणारा मोठा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि गिरण्या कलकत्त्यात राहिल्या. तरीही हा उद्योग टिकला. पुढे प्लॅस्टिकची विणलेली पोती आली आणि ज्यूटचे गिऱ्हाईक पळू लागले, तेव्हा संसदेने १९८७ साली कायदा केला. त्याने सरकारला अधिकार दिला की, अमुक माल अमुक प्रमाणात ज्यूटच्या पोत्यातच भरला पाहिजे असा हुकूम काढावा. उद्योगपती सुप्रीम कोर्टात गेले. १९९६ साली दालमिया सिमेंटच्या खटल्यात कोर्टाने कायदा कायम केला. अलीकडच्या हुकमांत धान्याचे प्रमाण १०० टक्के आणि साखरेचे २० टक्के आहे. केंद्र सरकारच सांगते की, दरवर्षी सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पोती सरकारी खरेदीसाठी घेतली जातात. ज्यूट गिरण्यांच्या उत्पादनात तीन चतुर्थांश पोती, आणि त्या पोत्यांतली ८५ टक्के अन्न महामंडळ आणि राज्यांच्या खरेदी यंत्रणांकडे जातात. एवढे पक्के गिऱ्हाईक या देशात दुसऱ्या कोणत्या धंद्याला आहे?

पण नुसता कायदा करून पोते बरे होत नाही. त्यामागे प्रयोगशाळा उभ्या आहेत. संशोधन संस्थांचे नाव काढले की, आपण म्हणतो, ते साहेब लोक कागद काळे करतात. ज्यूटच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. तिथे त्यांनी काय केले ते आम्ही जरा तपशिलाने सांगतो, कारण मनावर घेतले तर संस्था काय करू शकते, हे त्यातून कळते.

१९३६ साली इंडियन सेंट्रल ज्यूट कमिटी झाली. तिने ढाक्याला शेतीची आणि कलकत्त्याला धाग्याची प्रयोगशाळा काढली. ढाका पाकिस्तानात गेल्यावर शेतीचे काम बराकपूरला आले, तीच आजची ज्यूटची केंद्रीय संशोधन संस्था. गिरणीमालकांच्या संघाने १९३७ साली स्वतःचे संशोधन खाते काढले, त्यातून आजची इजिरा ही संस्था झाली. बराकपूरने वाण दिले. ज्यूट पाण्यात सडवून धागा सुटा करावा लागतो, ते पाणी घाण असले तर धागा काळा पडतो. त्यासाठी बराकपूरने सूक्ष्म जीवांची भुकटी काढली, तिने सडवण्याचे दिवस कमी झाले आणि धाग्याची प्रत वाढली.

मग गिरणीतले काम. ज्यूटचा धागा राठ, तो कातण्याआधी तेलपाण्याच्या मिश्रणाने मऊ करतात. तेल खनिज वापरायचे. परदेशी कॉफीवाले, कोकोवाले म्हणू लागले की, तुमच्या पोत्याने आमच्या मालाला रॉकेलसारखा वास लागतो, अन्नात खनिज तेल उतरते. धंदा जाण्याची वेळ आली. तेव्हा इजिराने खनिज तेलाच्या जागी भाताच्या कोंड्याचे तेल वापरण्याची रीत बसवून दिली. १९९८ साली आंतरराष्ट्रीय ज्यूट संघटनेने अन्नासाठी वापरायच्या पोत्यांचे प्रमाणक ठरवले, आणि आपल्या पोत्यांना त्यात बसण्याची वाट मोकळी झाली. पूर्वी शंभर किलोचे पोते चालायचे, ते पन्नास किलोचे झाले. हमालाची पाठ थोडी वाचली. पन्नास किलोचे पोते आधी ६६५ ग्रॅमचे होते, विणीचा आणि मजबुतीचा अभ्यास करून ते ५८० ग्रॅमवर आणले. भारतीय मानक संस्थेने त्याचे प्रमाणक काढले, आणि त्या प्रमाणकाचे पोते ही सरकारी खरेदीची अट झाली.

म्हणजे साखळी अशी की, प्रयोगशाळेने अडचण सोडवायची, मानक संस्थेने ती सोडवणूक नियमात लिहायची, कायद्याने गिऱ्हाईक आणून द्यायचे आणि ज्यूट आयुक्ताने गिरण्यांना ऑर्डर वाटून द्यायची. चारही कड्या जुळल्या. मुंबईत १९६६ साली भारतीय पॅकेजिंग संस्था निघाली, तिथे पेटीपासून पिंपापर्यंत सगळ्या वेष्टणाची तपासणी होते. १९६८ साली मद्रासला प्लॅस्टिकची केंद्रीय संस्था निघाली. कारखानदाराला वेष्टण हवे, तर देशाने त्याच्यासाठी शाळा, प्रयोगशाळा, शिक्का देणारी यंत्रणा, सगळे उभे केले. यात वाईट काही नाही.

आता मुख्य मुद्दा ऐका. सरकार गिरण्यांकडून जे पोते घेते त्याचा भाव कसा ठरतो? कच्च्या ज्यूटची किंमत, अधिक ते कातून विणून पोते करण्याचा खर्च. हा खर्च टॅरिफ कमिशनने गिरण्यांचे हिशेब तपासून काढून दिलेला. म्हणजे उत्पादन खर्चावर आधारित भाव. हे शब्द कुठे ऐकल्यासारखे वाटतात का? शरद जोशींनी ही मागणी मांडली तेव्हा दिल्लीतले अर्थतज्ज्ञ म्हणाले की, असा भाव देता येत नसतो, बाजार बिघडतो. पोत्याला देता येतो. पोत्यात जी तूर भरायची तिला देता येत नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही बंगालच्या ज्यूट शेतकऱ्याच्या ताटातले ओढता आहात. नाही. त्याचीही गोष्ट ऐका. हा कायदा चाळीस लाख शेतकरी कुटुंबांसाठी आहे असे सरकार दर वेळी सांगते. २०२१ साली कच्च्या ज्यूटचे भाव चढले. शेतकऱ्याला चार पैसे मिळायची वेळ आली. तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये ज्यूट आयुक्ताने हुकूम काढला की, क्विंटलला ६५०० रुपयांच्या वर व्यवहार करायचा नाही. मे २०२२ मध्ये तो हुकूम उठला. कायदा ज्यूट शेतकऱ्याच्या नावाचा, आणि भाव चढला की, दावे त्याच्याच गळ्यात. बंगालचा शेतकरी आणि वऱ्हाडचा कास्तकार एकाच खुंट्याला बांधलेले आहेत.

आता प्लॅस्टिककडे येऊ. १९८७ च्या कायद्याखाली सुरुवातीला सिमेंट आणि खतही होते. पुढे सिमेंट सुटले, खत सुटले. कारखानदारांनी आपल्या मालावरचा जाच हटवून घेतला, धान्य तेवढे राहिले. यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही, पण त्याचा परिणाम आपल्या वावरात कसा आला ते पाहण्यासारखे आहे.

खत प्लॅस्टिकच्या कट्ट्यात येऊ लागले. खत वावरात गेले, रिकामा कट्टा घरी राहिला. आपण काही फेकत नाही. कापूस वेचणीला बाया जातात, कमरेच्या ओटीत कापूस वेचतात, ओटी भरली की, धुऱ्यावरच्या कट्ट्यात रिकामी करतात. कट्ट्याचे तोंड उसवलेले, उन्हाने जीर्ण झालेले, त्याच्या दशा कापसात मिसळतात. जिनात गेल्यावर त्या दशेचे बारीक बारीक तुकडे होतात. रुईत ते पांढऱ्यावर पांढरे, दिसत नाहीत. सूत कातले तरी दिसत नाहीत. कापड रंगवले की दिसतात, कारण त्या धाग्याला सुताचा रंग चढत नाही. हजार मीटर कापडावर ठिपके. मग गिरणीवाला माणसे बसवून रुई वेचायला लावतो, महागडी यंत्रे बसवतो, आणि तो सगळा खर्च रुईच्या भावातून, म्हणजे शेवटी आपल्या कापसाच्या भावातून वजा करतो. जगातल्या सूतगिरण्यांची संघटना दर काही वर्षांनी पाहणी करते, कुठल्या देशाच्या कापसात किती कचरा. त्यात भारतातल्या अनेक प्रतींचे नाव सर्वांत खराब मालात येत आले आहे. प्लॅस्टिक, सुतळी, केस, गुटख्याच्या पुड्या. आपला धागा वाईट नाही. आपले वेष्टण वाईट आहे.

गठाणीवर पूर्वी गोणपाट असे, त्याचेही तंतू रुईत जात, म्हणून सुती कापडाचे वेष्टण आले. २००० साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान मोहीम काढली. तिच्यात जिनिंगचे आवार सिमेंटचे झाले, कापूस मातीत लोळायचा थांबला, चांगल्या प्रेस बसल्या. २०२० साली 'कस्तुरी' नावाने भारतीय कापसाचा शिक्का काढला. सगळे जिनिंगच्या फाटकाच्या आतले. वावरापासून फाटकापर्यंत कापूस कशात यावा याचा विचार झाला तो पत्रकापुरता. 'स्वच्छ सुती कापडात वेचणी करावी, प्लॅस्टिक वापरू नये.' हे पत्रक आपण वर्षानुवर्षे वाचतो. कापड कोणी द्यायचे ते त्यात नसते. स्वच्छ कापसाला किती जास्त भाव मिळेल तेही नसते. काट्यावर स्वच्छ आणि कचऱ्याचा कापूस एकाच ढिगात पडतो, तर कोणता शहाणा कास्तकार दोन पैसे खर्च करील?

कापसाला प्रयोगशाळा नव्हत्या असेही नाही. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी १९२१ ची, ज्यूट कमिटीच्या पंधरा वर्षे आधीची. तिचा खर्च १९२३ च्या उपकर कायद्याने गठाणीमागे वसूल होत असे, म्हणजे कापसाच्या भावातूनच. १९२४ साली माटुंग्याला तिची प्रयोगशाळा निघाली, तीच आजची सिरकॉट. तिचे पहिले काम कोणत्या वाणाच्या रुईतून किती नंबरचे सूत निघते ते कातून पाहणे. ते गिरणीचे काम होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, नागपूरची कापूस संशोधन संस्था १९७६ ची. आम्ही कृषी पदवीला जे शिकलो त्यात वाण होते, खत होते, फवारणी होती. पीक धुऱ्याबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, यावर एक धडा नव्हता.

तरी या संस्थांनी केलेले काही काम आपल्या उपयोगाचे आहे. अकोल्याच्या विद्यापीठाने मिनी डाळ मिल काढली, ती वऱ्हाडात गावोगाव फिरली. बचत गटाच्या बायांनी तूर भरडून डाळीची पिशवी भरली आणि शिक्का मारून विकली. त्या पिशवीत दाण्याची किंमत वाढली आणि ती वाढ घरात राहिली. सिरकॉटने पऱ्हाटीपासून बोर्ड करण्याची, तिच्या लगद्यापासून खोक्याचा कागद करण्याची रीत बसवली आहे, नागपूरच्या केंद्रावर बोर्डाचा छोटा कारखाना करून दाखवला आहे. २०१५ साली मुंबईला कापसाच्या धाग्यातल्या द्रव्याचे अतिसूक्ष्म कण काढण्याचे यंत्रघर उभे केले, ते कण कागदाला मजबुती देतात. वरूड-मोर्शीचा संत्रा ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातो, ते खोके पऱ्हाटीचे का होऊ नये? आम्ही या बाबतीत भाबडे नाही. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, ट्रकभर नेली तरी वजन भरत नाही, वाहतुकीतच पैसे जातात. तोडणीची मजुरी वेगळी. घरच्या चुलीला ती लागते ती निराळीच. पण ज्यूटच्या पोत्यातला तेलाचा वास घालवायलाही कुणीतरी बसून हिशेब केलाच होता. पऱ्हाटीच्या खोक्याचा तालुकावार हिशेब विद्यापीठाने करून छापावा. जमत नसेल तर जमत नाही असे छापावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत पीठ, साखर, कोंबड्यांचे खाद्य सुती पिशव्यांतून यायचे. पिशवीवर फुलाफुलांची छापाई असायची, शेतकऱ्यांच्या बायका त्या कापडाचे फ्रॉक शिवायच्या. तिथल्या कापूसवाल्यांच्या परिषदेने ते कसे शिवावे याच्या पुस्तिका वाटल्या. पुढे कागद आणि प्लॅस्टिक स्वस्त पडले, सुती पिशवी गेली. कुणी कायदा करून ती वाचवली नाही. आपणही 'धान्य सुती पोत्यातच भरा' असा कायदा मागायचा का? काही मित्र तसे म्हणतात. आमचे मत नाही असे आहे. सक्तीने गिरणीला गिऱ्हाईक मिळते, शेतकऱ्याला काय मिळते ते ६५०० च्या हुकमात दिसले. आणि सुती पोते महाग पडेल, त्याचा बोजा पुन्हा पोत्यातल्या मालावरच येईल. ज्यूटचे पोते धान्याला चांगले आहे, आम्ही ते नाकारत नाही. त्यातून हवा खेळते, हूक लावला तरी छिद्र बुजते, थप्पी घसरत नाही. प्लॅस्टिकच्या कट्ट्यात ओली ज्वारी भरून पाहा, आठ दिवसांत वास येतो. तेव्हा ज्यूट चांगले म्हणून विकले जावे. पण केंद्रावर ते नसेल, तर खरेदी थांबवायचा अधिकार कुणाला नसावा.

आणि न्याय एकच असावा. जानेवारी २०१७ पासून बांगलादेश-नेपाळच्या ज्यूट मालावर डंपिंगविरोधी कर बसला, गिरण्या वाचाव्यात म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ते डिसेंबरअखेर काढलेलेच ठेवले, तेही गिरण्या वाचाव्यात म्हणून. आपला कापूस नेमका त्याच महिन्यांत बाजारात येतो. कुंपण घालायचे तेही गिरणीसाठी, तोडायचे तेही गिरणीसाठी. आम्ही कुंपण मागत नाही, पण मग कुणालाच नको.

आता कामाचे. पोत्याची मागणी राज्याने हंगामाच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते, पैसे आधी भरावे लागतात, तेव्हा गिरणी पोते देते. म्हणून बारदान्याची मागणी किती आणि कोणत्या तारखेला नोंदवली, हे पेरणीच्या महिन्यातच पणन महासंघाला आणि जिल्हाधिकाऱ्याला लेखी विचारायचे. डिसेंबरात घोषणा देऊन पोते विणले जात नाही. बारदाना नसेल तर शेतकऱ्याचे स्वतःचे पोते पैसे देऊन घ्यावे, ही मागणी त्याच अर्जात लिहायची. छत्तीसगड सरकारने २०२१ च्या धान खरेदीत शेतकऱ्याकडचे जुने पोते २५ रुपयांना घेतले. तिथे आभाळ कोसळले नाही.

सिरकॉट आणि कापूस संस्थेला आपण पत्र देणार आहोत : वेचणीच्या सुती झोळीचा नमुना, कापड, शिवण, किंमत ठरवून द्या. झोळी गावच्या बचत गटाने शिवावी. आणि सीसीआयच्या केंद्रावर सुती झोळीतल्या कापसाचा ढीग वेगळा लागावा, त्याला भाव वेगळा लागावा. भाव वेगळा नसेल तर झोळीची गोष्ट आम्ही गावात जाऊन सांगणार नाही, हेही त्याच पत्रात लिहू.

आणि एक काम घरी जाऊन करायचे. व्यापाऱ्याच्या काट्यावर कुठे कुठे कट्ट्यामागे एक किलो बारदाना म्हणून कापतात. प्लॅस्टिकचा रिकामा कट्टा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा, शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. वीस क्विंटल सोयाबीनचे चाळीस कट्टे. कट्ट्यामागे पाऊणशे तोळे, म्हणजे पाऊण किलोच्या वर माल फुकट गेला, तर पस्तीस किलो झाला. २०२५-२६ च्या ५३२८ रुपयांच्या हमीभावाने १८६५ रुपये. ज्यांच्या काटापट्टीवर अशी कटती आहे त्यांनी पट्टी आणि रिकामा कट्टा, दोन्ही पुढच्या बैठकीला घेऊन या. तालुकावार यादी करून बाजार समितीच्या सचिवाच्या टेबलावर कट्ट्यांसकट ठेवू. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट आणि अचलपूरच्या कार्यकर्त्यांनी नावे आत्ताच नोंदवावीत, वही मागच्या रांगेत फिरते आहे.